कलावंत आणि कामगार-संघ

कलावंत हा मजूर नव्हे, अशी समजूत सुशिक्षित समाजांत फार दिवसांची आहे. आणि खुद्द कलावंतांसही ती प्रिय वाटते. असें असतां वादक, गायक, नट हे गिरणी-कामगारांप्रमाणें आपले संघ कां स्थापितात? या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें अमेरिकेंतील वादकांच्या इतिहासांत फार स्पष्टपणें सांपडतें.

त्या देशांत १८८६ सालीं वादकांची एक राष्ट्रीय संस्था निघाली. सॅम्युएल गॉम्पर्स यांनीं तिला आपल्या मजूर-महासंघांत येण्याचें आमंत्रण दिलें. परंतु आपण कलावंत आहोंत, मजूर नव्हे, या अभिमानानें तिच्या धुरीणांनीं तें नाकारलें. रोज रात्रीं वाजवून पोट भरणाऱ्या सामान्य वादकाला हा अभिमान परवडण्यासारखा नव्हता. अखेर १८९६ सालीं इंडियानापोलिस येथें ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स’ हा संघ मजूर-चळवळीच्या छत्राखालीं स्थापन झाला.

खरी कसोटी पुढेंच होती. मूकपटाच्या काळीं चित्रगृहांत पडद्यापुढें वाद्यवृंद बसे व हजारों वादकांचा चरितार्थ त्यावर चाले. १९२७ सालीं ‘द जॅझ सिंगर’ हा चित्रपट बोलूं लागला, आणि थोड्याच वर्षांत ती उपजीविका नाहींशी झाली. विणकराची जागा यंत्रमागानें घेतली, तेव्हां तें यंत्र विणकरानें घडविलेलें नव्हतें. वादकाची जागा मात्र त्याच्या व्यवसायबंधूंच्याच वादनानें घेतली. एकदां मेहनताना घेऊन भरलेली तबकडी हॉटेलांत व नभोवाणीवर शेंकडों वेळां वाजे, आणि तितक्या वेळां जिवंत वादकाचें काम बुडे. एकट्यानें तबकडी भरण्यास नकार दिला, तर दुसरा तयार असे. सर्वांनीं मिळून दिलेल्या नकारालाच काय ती किंमत होती.

तो नकार १ ऑगस्ट १९४२ रोजीं आला. संघाचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनीं ध्वनिमुद्रण बंद पाडलें. महायुद्धाचा काळ असल्यामुळें त्यांच्यावर कडक टीका झाली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची विनंतीही त्यांनीं मानली नाहीं. १९४३ सालीं डेक्का आणि १९४४ च्या नोव्हेंबरांत व्हिक्टर व कोलंबिया या कंपन्या नमल्या. विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागें कांहीं रक्कम एका निधींत जमा करण्याचें ठरलें, आणि त्यांतून वादकांस विनामूल्य जाहीर जलशांत काम मिळूं लागलें.

संघ निर्दोष होता, असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक शहरांत कृष्णवर्णीय वादकांच्या शाखा वेगळ्या ठेवलेल्या असत; लॉस एंजेलिस येथील दोन शाखा १९५३ सालीं एक झाल्या. एकजुटीचा उपदेश करणाऱ्यांना ती स्वतःच्या घरांत आणण्यास इतका विलंब लागला!

कलेचें मोल संघ ठरवूं शकत नाहीं; तें काम रसिकांचें. परंतु श्रमाचा मोबदला मागितल्यानें कलेस हीनता येते, हें मत आम्हांस मान्य नाहीं. ज्याच्या तबकडीवर दुसरे श्रीमंत होतात, त्याच्याच घरीं चूल पेटूं नये, यांत कलेची खरी विटंबना आहे.