चवली द्या, आत चला

आधी खिसा रिकामा करा. मोबाईल, कार्ड, लोकलचा पास, सगळं इथेच ठेवा. 1932 च्या उन्हाळ्यात त्याचा काही उपयोग नाही. ही घ्या चवली. चौकोनी, गोलसर कोपऱ्यांची, पंचम जॉर्जचं तोंड असलेली. मुठीत घट्ट धरा, कारण हरवली तर सिनेमाच्या तंबूबाहेर उभं राहून नुसती पेटी ऐकावी लागेल.

तुम्ही डोंबिवली स्टेशनात आहात. होय, हेच ते. गर्दी कुठे गेली म्हणून गोंधळू नका, ती अजून जन्माला यायची आहे. फलाटापलीकडे कापणी झालेली खाचरं, भेगाळलेली जमीन आणि चार म्हशी. तुमचं वन बीएचके साधारण त्या तिसऱ्या म्हशीच्या डोक्यावर कुठेतरी येईल. गाडी येते ती धुराशिवाय. कल्याणपर्यंत विजेवर गाड्या धावू लागल्याला फार दिवस झालेले नाहीत. तिसऱ्या वर्गात शिरा. लाकडी बाक तव्यासारखं तापलंय. शेजारी एक आगरी मावशी, पायाशी सुक्या मासळीची पाटी. जरा अंग चोरून बसा, हे ती तोंडाने नाही, कोपराने सांगते.

ठाकुर्लीला चोळ्याच्या पॉवर हाउसची धुराडी बघून घ्या. गाडीचा धूर रेल्वे कंपनीने इथे आणून ठेवलाय: कोळसा इथे जळतो, वीज तारेतून गाडीच्या डोक्यावर जाते.

कल्याणला उतरलात की घोड्याच्या लिदीचा वास सामोरा येतो, मग टांगेवाल्यांचा गलका. एका टांग्याला दोन्ही बाजूंनी पोस्टरं बांधलीत, आत ढोलवाला बसून जीव खाऊन बडवतोय आणि एक पोरगा गुलाबी हँडबिलं उधळतोय. एक उचला. शाई हाताला लागेल. सिनेमाचं नाव 'दिलेर जिगर'. पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक जी. पी. पवार. तलवारबाजी, प्रेम, बदला आणि मुखवटा, सगळं एकाच तिकिटात.

दुर्गाडीच्या पायथ्याशी, खाडीच्या अंगाला, तंबू लागलाय. कबूल करतो, तो मी माझ्या सोयीने लावलाय. त्या काळी फिरते तंबू गावोगावी हिंडत, पाऊस यायच्या आत धंदा उरकत, एवढं खरं. नेमकी जागा कुठली यावर कल्याणच्या जुन्या मंडळींनी माझ्याशी भांडू नये.

चवली द्या, आत चला. चवलीत जमीन मिळते, ती पडद्याला अगदी लागून. मागे बाकं, त्यामागे खुर्च्या. जितका पैसा जास्त तितके तुम्ही पडद्यापासून लांब, हा हिशेब आजही बदललेला नाही. बायकांची बसायची जागा कनात घालून वेगळी केलीय. तिथून काकणांचा आणि रडणाऱ्या तान्ह्यांचा आवाज येतो. मांडी घाला. खाली सतरंजी आहे असं म्हणतात, पण तुम्हाला खडे टोचतायत. विडीचा धूर, घाम, केसांना चोपडलेलं चमेलीचं तेल, गॅसबत्तीचं रॉकेल आणि या सगळ्याखाली ओहोटीच्या चिखलाचा आंबूस वास. बाहेर इंजिन फट्‌फट्‌ करतंय, त्यावर डायनामो फिरतो. कोणीतरी गोटीसोडा फोडतो, चार थेंब तुमच्या मानेवर. पुसू नका, तेवढाच गारवा.

बत्ती विझते आणि शिट्ट्या सुरू होतात. मागे मशीनवाला हाताने दांडा फिरवतोय. कार्बनच्या कांड्या फुसफुसतात, खटखट ऐकू येते. पडद्यावर आधी पाऊस पडतो. तो पाऊस नाही, ओरखडे आहेत. इथवर येईपर्यंत कॉपीने बऱ्याच गावांचा मार खाल्लाय. पडद्यापुढे पेटीवाला आणि तबलजी बसलेत. सिनेमा मुका, पण तंबूत शांतता शोधून सापडायची नाही.

तेवढ्यात पाटी येते. अक्षरं थरथरतात, तीच गोष्ट दुसऱ्या लिपीत खाली पुन्हा. शेजारचा पोरगा तुमची बाही ओढतो. "काय लिव्हलंय? वाचा ना!" तुम्ही हळूच वाचता. मागून आवाज येतो, "जोरात, मंडळी, जोरात!" झालं. आता सबंध खेळभर तुम्हीच या कोपऱ्याचे वाचक. तुमच्यासारखे तंबूत आणखी तिघे-चौघे आहेत, प्रत्येकाचा वेग वेगळा, त्यामुळे राजाचा खून एकीकडे आधी होतो, दुसरीकडे जरा उशिरा.

खून होतोच. गादीसाठी राजाला मारतात, तान्हा वारस वाचतो, डोंबाऱ्यासारख्या कसरती करत रस्त्यावर वाढतो. तो हमीर. त्याच्याबरोबर खेळ करणारी सारंगा. दोघं एकमेकांकडे नुसती बघतात तरी कनातीपलीकडून खुसखुस येते आणि तबलजी उगाच ठेका वाढवतो. दुष्ट सत्ताधीशाची नजर सारंगावर पडली की जमिनीवरची सगळी जनता त्याला आईबहिणीवरून उभा-आडवा घेते. तुम्ही ते मोठ्याने वाचू नका, ते पाटीवर नाही.

मग तो काळा मुखवटा येतो. उडी, तलवार, तीन शिपाई गार. पोरगा तुमच्या दंडाला नखं रुतवतो. "ह्यो कोन?" आजूबाजूला पैजा लागतात. चालीवरून कोणी म्हणतं बाई आहे, त्याला चारजण हसतात.

तुम्हाला उत्तर माहीत आहे, आणि या तंबूत तुम्हा एकट्यालाच त्यापुढचंही माहीत आहे. ती सारंगाच आहे. आणि सारंगा म्हणजे अंबू, येवल्याकडची मुलगी, हे काम केलं तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. तिला तुम्ही ललिता पवार म्हणून ओळखता. दहा-एक वर्षांनी चित्रीकरणात एक थप्पड अशी बसेल की तिचा डावा डोळा कायमचा अधू होईल, आणि तोच डोळा बारीक करून ती पुढे देशभरच्या सुनांना घाम फोडेल. रविवारी सकाळी टीव्हीपुढे बसून तुमच्या आजीने जिला बोटं मोडली ती मंथरा हीच. आत्ता मात्र दोन्ही डोळे मुखवट्याच्या भोकांतून लखलखतायत आणि ती जिन्यावरून तलवार परजत उतरतेय. तिने नायिकेची कामं किती दिमाखात केली असतील हे आपण साफ विसरलो, असं माझं मत. आपल्याला सासू तेवढी लक्षात राहिली. पोराला काही सांगू नका. पैज त्याची त्याला जिंकू दे.

ऐन मोक्यावर पडदा पांढरा. रीळ संपलं. मशीन एकच, दुसरं रीळ चढेपर्यंत बत्ती पेटते आणि सगळे डोळे चोळत एकमेकांना बघतात. शेंगदाणे फिरतात. मुंबईला गिरगावात मॅजेस्टिकला पडदा बोलतो म्हणे, कोणीतरी सांगतो. 'आलम आरा' बघून आलेला हा गृहस्थ जरा भाव खातोय. "बोलतो तर बोलू दे," पेटीवाला म्हणतो आणि भाता ओढतो. त्याच्या पोटावर पाय येणार आहे हे त्याला कळलंय की नाही, चेहऱ्यावरून सांगता येत नाही. थोड्याच वर्षांत तंबूंतही कर्णे येतील आणि पेटीवाले भजनी मंडळांत, नाहीतर लग्नाच्या मांडवात पांगतील.

शेवटची रिळं तुम्हीच बघा, मी वाचून दाखवणार नाही. घसा तुमचा बसलाय, माझा नाही. फक्त परतीची गाडी चुकवू नका.

हा सिनेमा तुम्हाला चवलीशिवायही बघता येईल, कारण त्याची कॉपी वाचली आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. आपल्याकडे सुमारे 1,300 मूकपट निघाले, त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच धड उरले. बाकीचे जळाले, कुजले, चांदीसाठी वितळवले गेले. तेव्हा ठाण्याच्या, कल्याणच्या जुन्या वाड्यात माळा उपसताना गंजका, चपटा, गोल डबा सापडला आणि आत फिल्म निघाली, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. ती फिल्म नायट्रेटची असू शकते, ठिणगी पडताच भडकते. दिवा, उदबत्ती, विडी लांब ठेवा, घरी मशीनवर चढवून बघू नका आणि पुण्याला संग्रहालयात कळवा.