विमान की ट्रेन? बुकिंगआधी हा हिशोब करा

मुंबई ते गोवा सर्च केलं की ॲप दाखवतं : विमान सव्वा तास, ट्रेन आठ-बारा तास. पण ही तुलना अपुरी आहे. ॲप फक्त विमानातला वेळ मोजतं, आपला प्रवास मात्र घराच्या दारापासून सुरू होतो.

ठाणे ते मडगाव, विमानाने : विमानतळापर्यंत १ तास, चेक-इन आणि सिक्युरिटीसाठी २ तास, उड्डाण सव्वा तास, बॅगेसाठी अर्धा तास, दाबोळीहून मडगाव पाऊण तास. एकूण साधारण साडेपाच तास. मोपाला उतरलात तर आणखी तासभर जास्त धरा.

ट्रेनने : वंदे भारत ठाण्याहून मडगावला साधारण ७ तासांत पोहोचते. घर ते स्टेशन अर्धा तास धरा. म्हणजे खरा फरक एक-दोन तासांचाच. रात्रीच्या कोकणकन्येत तर बराचसा वेळ झोपेतच जातो. आणि रत्नागिरी किंवा कणकवलीला जायचं असेल, तर ट्रेन थेट तिथेच उतरवते.

पैसे : विमानाचं भाडं मागणीनुसार सतत बदलतं. साध्या एक्सप्रेसचं भाडं ठरलेलं असतं. आज काढा किंवा महिन्याने, तेवढंच. टॅक्सीचा खर्चही हिशोबात धरा.

खरी अडचण : कन्फर्म तिकीट. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, गणपती-दिवाळीला लगेच संपतं. आरएसी असेल तर गाडीत चढता येतं, फक्त बर्थ वाटून घ्यावा लागतो. चार्ट लागल्यावरही ऑनलाइन तिकीट पूर्ण वेटिंगवर राहिलं, तर ते आपोआप रद्द होतं. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं : एसीसाठी सकाळी १०, नॉन-एसीसाठी ११ वाजता.

विमान कधी बरं? पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या हळू धावतात. वंदे भारतही तेव्हा जास्त वेळ घेते. शिवाय नागपूर-गोव्यासारख्या लांबच्या अंतराला विमानाचा वेळ खरंच वाचतो.

बुक करण्याआधी :
१. मॅप्सवर दोन्हीकडचा रस्त्याचा वेळ बघा.
२. एनटीईएस ॲपवर गाडी काल किती उशिरा पोहोचली ते तपासा.
३. दोन्हीकडचा दारापासून दारापर्यंतचा वेळ आणि खर्च लिहा.

फरक दोन तासांच्या आत असेल आणि तिकीट कन्फर्म मिळत असेल, तर ट्रेन घ्या. कोकण रेल्वे मार्ग २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे, त्यामुळे प्रति प्रवासी कार्बनही विमानापेक्षा बराच कमी.