कोंड्याचा मांडा

काटकसरीचा इतिहास लिहायचा म्हटलं की पहिली अडचण पुराव्याची येते. वाडा पडका का होईना, उरतो, ताम्रपट सापडतो. पण वाया न घालवलेली वस्तू मागे राहतच नाही. ती खाल्ली जाते, नाहीतर अंगावर झिजून जाते. इंग्रज सरकारनं १८८० साली खानदेशचं जाडजूड गॅझेटियर छापलं. अशा ग्रंथांतून पिकाचा आणि साऱ्याचा हिशेब मिळतो, चुलीपुढचा मिळत नाही. योगायोग असा की त्याच १८८० साली आमच्या नशिराबादपासून जवळच, आसोद्याला, बहिणाबाईंचा जन्म झाला. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईनं चूल आणि घरोटा कवितेत आणला. त्यांची गाणी पुस्तकात आली ती १९५२ साली, त्या गेल्यानंतर.

दुसरा पुरावा शब्दांचा. ‘कळणा’ हाच शब्द घ्या. डाळ भरडताना उरणारी कणी-चुरी म्हणजे मुळातला कळणा. ती फेकायची कशी? म्हणून ज्वारीत मिसळून तिची भाकरी झाली. आज कळण्याची भाकरी आणि ठेचा हा हॉटेलात मिरवणारा पदार्थ आहे. त्यासाठी चांगले अख्खे उडीद मुद्दाम ज्वारीबरोबर दळून आणतात! भरिताचंही तसंच. कपाशी वेचून झाली की उरलेल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची. कापूस जिनिंगला जायचा, पैसा सावकाराकडे जायचा आणि काड्या तेवढ्या घरी राहायच्या.

सगळ्यांत हुशारीचं काम कुरडयांचं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून चीक काढायचा. चिकाच्या कुरडया होतात. उरलेल्या चोथ्यात तिखट, मीठ, जिरं घालून वड्या उन्हात वाळवायच्या, त्या भुसवड्या. मांड्यांसाठी नावाजलेल्या आमच्या मुलखात ‘कोंड्याचा मांडा’ ही नुसती म्हण राहिलेली नाही, ती अशी.

आमच्या घरी ईदचा शिरखुर्मा शेजारी जायचा, आणि ते डबे रिकामे कधी परत आले नाहीत. कधी कुरडया, कधी बिबडे, काही नसलं तर मूठभर साखर. भेटवस्तू विकत आणायची असते, ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती. बाळंतविडा पाहा. दुपटी, अंगडी, टोपडी, कुंची, सारं घरच्या जुन्या लुगड्या-धोतरांतून शिवलेलं. यामागे गरिबी होती तशी समजही होती. नव्या कापडाला खळ असते, ते टोचतं. शंभर वेळा धुतलेलं सूत बाळाच्या कातडीला सोसतं. आम्ही मुसलमानही बाळाचं पहिलं अंगडं जुन्या कापडाचंच करतो, जमल्यास घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या कपड्याचं. बंगालचा कांथाही जुन्या साड्यांतूनच जन्मला. पण त्याची नोंद झाली, आपल्या गोधडीची फारशी झाली नाही.

ही रीत मोडली कशी? मला वाटतं, उपदेश कमी पडला म्हणून ती मोडलेली नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्यांची गोधडी ऊबही देत नाही आणि घामही टिपत नाही. दारावर बोहारीण येऊ लागली. तीन साड्यांवर स्टीलचं पातेलं मिळू लागलं. हा सौदा कुठल्या गृहिणीनं नाकारावा?

आणि एक गोष्ट बोलायलाच हवी. काटकसरीचं कौतुक आपण पुरुष करतो. शिळी भाकरी मात्र सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी बाई खात होती. तिच्या ताटाची भरपाई कुणी केली नाही. १९७२च्या दुष्काळात रेशनवर परदेशी तांबडी मिलो आली, खडी फोडणाऱ्यांना सुकडी मिळाली. त्या काळातून गेलेल्या बायकांना ‘जुनं ते सोनं’ म्हणून दाखवा, त्या हसतील.

तरी संयुक्त राष्ट्रांचा एक आकडा माझ्या मनातून जात नाही. २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साठ टक्के घराघरांतलं होतं. लग्नाच्या रुखवतातल्या वस्तू आता तयार भाड्यानं मिळतात. भुसवड्या मात्र उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर अजून वाळत असतात. त्या घालणाऱ्या बहुतेक जणी साठीच्या पुढच्या आहेत, आणि चोथ्यात तिखट किती घालायचं हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही.