ग्वाल्हेरमधील शेवटचा दिवस : पाहुण्यांना काय दाखवावे, काय खाऊ घालावे

महाराष्ट्रातून आलेले पाहुणे दोन दिवसांत किल्ल्यावरचे मानमंदिर, सास-बहू मंदिरे आणि जयविलास महाल पाहून घेतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतीची गाडी असते आणि मधला वेळ खरेदीत जातो. आपले लष्कर मात्र पाहायचे राहून जाते. त्या एका दिवसासाठी ही माहिती.

सुरुवात बेढईने करावी. उडदाच्या डाळीचे सारण भरलेली पुरी, बटाट्याची झणझणीत रस्साभाजी आणि वर जिलबी. दुकानातच उभ्याने खावी. घरी बांधून आणली की चामट होते.

गाड्या उरवाई दरवाज्याने किल्ल्यावर जातात, त्यामुळे गुजरी महालाकडून चढणाऱ्या पायवाटेवरचे चतुर्भुज मंदिर बहुतेकांचे हुकते. एका खडकात कोरलेले हे लहानसे देऊळ. आतल्या इ.स. 876 च्या शिलालेखात देवाच्या बागेची लांबी 270 हात आणि रोजच्या 50 माळा अशी नोंद आहे. दोन्ही आकड्यांतले शून्य आजच्यासारखेच गोल आहे. उभी हयात शून्ये तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला हे देऊळ मानमंदिराहून जवळचे वाटते. खाली गुजरी महालात संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असते.

तेथून हजिऱ्यातील तानसेनची समाधी जवळ आहे. शेजारी महंमद गौस यांचा मकबरा. त्याच्या दगडी जाळ्या सावकाश पाहाव्यात. समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो, असे लोक मानतात. डिसेंबरातल्या तानसेन समारोहाची सुरुवात येथे ढोलीबुवांची हरिकथा आणि मीलाद यांनी होते, हे पाहुण्यांना आवर्जून सांगावे. आपली कीर्तनपरंपरा इथे किती मुरली आहे, हे त्यावरून कळते.

फूलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीपाशी पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात. तो टाळू नये. जून 1858 मध्ये जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्यांची फौज मात्र बंडवाल्यांना मिळाली. दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

दुपारनंतर लष्कर. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीची येथे वस्ती झाली, म्हणून हे नाव. महाराज बाड्यापासून पायी फिरावे. गोरखी, पाटणकर बाजार, चिटणीस की गोठ, आपटे की पायगा, कंपू : नावे मराठी आणि मधला ‘की’ हिंदी. आपल्या घरांतही आता असेच झाले आहे. नातवंडे आजीला मराठीत हाक मारतात आणि पुढचे हिंदीत बोलतात. म्हणून या फेरीत त्यांनाही बरोबर घ्यावे. पाट्या वाचताना तीच प्रश्न विचारतात.

पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना गाण्याचा धागा लगेच समजतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. मूळ घराणे हद्दू-हस्सू खाँचे. कृष्णराव शंकर पंडित आणि राजाभैया पूछवाले यांनी ते येथे जोपासले. 1918 साली माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या मदतीने सुरू केलेले माधव संगीत महाविद्यालयही याच शहरातले. जीवाजीगंजात हाफिज अली खाँच्या घराण्याचे सरोद घर आहे. तेथे जुनी वाद्ये पाहायला मिळतात. युनेस्कोने 2023 मध्ये ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हटले, त्यामागे ही सारी माणसे आहेत. राजकवी भास्करराव तांबे यांचे नावही पाहुण्यांना ओळखीचे असतेच.

खाऊ म्हणून नया बाजारातले बहादुराचे लाडू न्यावेत. थंडी असेल तर गजक. गुळाचा पाक खुंटीला टांगून ओढतात, मग त्यात भाजलेले तीळ घालून मोगरीने कुटतात. म्हणून ती आपल्या वडीपेक्षा हलकी लागते. मुरैन्याची की ग्वाल्हेरची चांगली, या वादात पाहुण्यांनी पडू नये. गजक फार ठिसूळ असते. डबा बर्थखाली सरकवू नये, हातातल्या पिशवीत सगळ्यात वर ठेवावा.