अस्थिभंग

अस्थिभंग म्हणजे आघातामुळे हाडाच्या सलगतेत पडलेला खंड होय. बोलीभाषेत यास ‘हाड मोडणे’ म्हणतात. केसाएवढ्या चिरेपासून हाडाचा चुरा होण्यापर्यंत त्याचे प्रकार आढळतात. जखम हाडापर्यंत पोहोचली असल्यास तो ‘खुला’ अस्थिभंग ठरतो व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सांधा निखळणे, अस्थिबंध ताणले जाणे (मुरगळणे) आणि कूर्चेस इजा होणे या दुखापती पुष्कळदा अस्थिभंगासोबतच होतात. मात्र हाड, अस्थिबंध आणि कूर्चा यांची भरून येण्याची क्षमता अत्यंत भिन्न आहे.

== भरून येण्याची प्रक्रिया ==

‘हाड जोडणे’ हा शब्दप्रयोग काहीसा फसवा आहे. वैद्य केवळ तुकडे जागेवर आणून स्थिर ठेवतो. हाड जुळते ते स्वतःच. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साचून गाठ होते. पहिल्या आठवड्यात सूज येते व मृत पेशींची सफाई सुरू होते. दोन-तीन आठवड्यांत तुकड्यांभोवती कूर्चा व तंतूंचा मऊ सांधणपट्टा तयार होतो. त्यात कॅल्शियमचे क्षार साठून तो कठीण होतो. क्ष-किरण चित्रात दिसणारा फुगवटा तो हाच. पुढे अनेक महिने, कधी काही वर्षे, हाड स्वतःस पुन्हा घडवीत राहते: जेथे भार पडतो तेथे ते जाड होते, जेथे पडत नाही तेथे झिजते. हा नियम जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ याने १८९२ मध्ये मांडला. त्वचेची खोल जखम व्रण ठेवून भरते. हाड मात्र हाडानेच भरते.

बोटाचे हाड साधारण तीन ते चार आठवड्यांत, मनगटाचे सहा आठवड्यांत, तर नडगीचे तीन ते चार महिन्यांत जुळते. लहान मुलांत हा काळ बराच कमी असतो. तंबाखू, अनियंत्रित मधुमेह, जंतुसंसर्ग आणि तुकड्यांची अति हालचाल यांमुळे जुळणी लांबते किंवा होतच नाही. रक्तपुरवठ्यावर बरेच काही अवलंबून असते. मनगटातील नौकाकार हाडास रक्त बोटांकडील टोकाकडून मिळते. ते मधोमध मोडल्यास कोपराकडील तुकडा मृत होऊ शकतो. पहिल्या क्ष-किरण चित्रात ही चीर पुष्कळदा दिसत नाही, म्हणून अंगठ्याच्या बुडाशी दुखत राहिल्यास दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढतात.

== कूर्चा व सांधे ==

सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या व मज्जातंतू नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते. त्यामुळे वरवरची इजा दुखत नाही आणि भरूनही येत नाही. इजा खालच्या हाडापर्यंत गेली तरच तेथील मज्जेतून पेशी येतात, परंतु त्यांतून बनणारी तंतुमय कूर्चा मूळ कूर्चेपेक्षा दुबळी असते. रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा बसविण्याची पद्धत स्वीडनमधील शल्यविशारदांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. गुडघ्यातील चकतीचा बाहेरचा काठ रक्तपुरवठ्यामुळे सांधता येतो, आतला भाग सहसा नाही.

== सुश्रुतसंहितेतील विवेचन ==

सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा व हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. तरुणास्थी, म्हणजे कूर्चा, वाकते आणि नळीसारखी हाडे मोडतात, हा भेदही तेथे केलेला आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस आदी वृक्षांच्या साली व बांबू यांच्या पट्ट्या बांधाव्यात, बांधणी उन्हाळ्यात तीन, समशीतोष्ण ऋतूत पाच व थंडीत सात दिवसांनी बदलावी, असे त्यात म्हटले आहे. बांधणी सैल झाल्यास सांधा स्थिर राहत नाही व फार घट्ट झाल्यास सूज येते, हा इशारा आजच्या प्लॅस्टरलाही लागू पडतो. हाडवैद्याच्या घट्ट पट्टीमुळे किंवा कोपराच्या मालिशमुळे हात कायमचा ताठरल्याची उदाहरणे अस्थिशल्यविशारदांना अपरिचित नाहीत.

== तळेगाव–चाकण परिसर ==

पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे जुन्या मुंबई–पुणे महामार्गावर वसले असून २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग त्याच्या जवळून जातो. येथूनच एक रस्ता चाकणच्या कारखान्यांकडे निघतो. मायमर वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना १९९५) संलग्न डॉ. भाऊसाहेब सरदेसाई तळेगाव ग्रामीण रुग्णालय याच गावात आहे. अशा पट्ट्यात दोन दुखापतींना विशेष महत्त्व येते. पहिली दुचाकीस्वाराच्या नडगीची: तिच्या पुढच्या बाजूस त्वचेखाली स्नायूच नसल्याने मोडलेले टोक सहज बाहेर येते, आणि खालच्या तिसऱ्या भागात रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने ती सावकाश जुळते.

दुसरी दुखापत पॉवर प्रेसखाली चिरडलेल्या बोटांची. यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण घालणे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बंधनकारक केले. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या सूचीत कमावण्याच्या क्षमतेची हानी अंगठ्यासाठी ३० टक्के, पूर्ण तर्जनीसाठी १४, मधल्या बोटासाठी १२ आणि अनामिका किंवा करंगळीसाठी प्रत्येकी ७ टक्के धरलेली होती. पूर्ण निकामी झालेला अवयव तुटलेल्याच्या बरोबरीचा मानला जातो. अर्धवट वाकणाऱ्या बोटाची टक्केवारी मात्र सूचीत नसते, ती वैद्यकीय तपासणीवर ठरते. त्यामुळे अपघाताच्या दिवशीची नोंद व क्ष-किरण चित्रे जपून ठेवणे कामगाराच्या हिताचे असते.

== प्रथमोपचार ==

मोडलेला अवयव ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये; आहे त्या स्थितीत फळी किंवा जाड पुठ्ठ्याचा आधार देऊन वरचा व खालचा सांधा हलणार नाही असा बांधावा. खुली जखम स्वच्छ कापडाने झाकावी. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने खाण्यापिण्यास देऊ नये. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवल्यास पेशी गोठून ते पुन्हा जोडण्याजोगे राहत नाही.