चकती, साखळी आणि उरलेली जमीन

मंडळी, या शनिवारी एका खेळाच्या मैदानाचा इतिहास. क्रिकेटचं नाही, घाबरू नका.

मी मूळचा कोराडीचा. नागपूरच्या उत्तरेला, वीजकेंद्राच्या चिमण्यांच्या सावलीत वाढलेला. १९७४ साली इथला पहिला संच सुरू झाला आणि त्याच्यामागे आमच्यासारखी कुटुंबं गावोगावहून इथे आली. आमच्या क्वार्टरमागे एक मोकळा तुकडा होता. मैदान म्हणून तो कुणी आखलेला नव्हता. मुरूम, बाभळी, मधूनच एक नाली. आम्ही तिथे गल खणायचो आणि विटी कोलायचो. दांडू घरच्या सरपणातला, त्यामुळे बजेट शून्य.

पुढे २००८ साली कंपनीने ऑनसाईट पाठवलं, लॉस एंजेलिसजवळ. एका रविवारी रूममेट म्हणाला, "चल, डिस्क गोल्फ खेळू, फुकट आहे." आपल्याला एवढं कारण पुरतं.

खेळ सोपा. गोल्फच, पण काठी-चेंडूऐवजी हाताने फेकायची प्लास्टिकची चकती, आणि भोकाऐवजी खांबावरची साखळ्या लावलेली टोपली. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. पहिल्या तासात मी दोन चकत्या झुडपांत घालवल्या. घरी येऊन गूगल केलं तेव्हा कळलं की ज्या ओक ग्रोव्ह पार्कात मी हे दिवे लावले, तिथला कोर्स जगातला पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स मानला जातो. साल १९७५.

तो उभा करणारा माणूस एड हेड्रिक. व्हॅम-ओ या कंपनीने १९५७ साली फ्रिस्बी बाजारात आणली. हेड्रिकने १९६४ मध्ये तिच्यावर गोल रेघा उठवून तिचं उडणं स्थिर केलं. लोक फ्रिस्बी नुसती एकमेकांकडे फेकत होते, झाडं नि दिव्याचे खांब नेमून गोल्फही खेळत होते. हेड्रिकने त्या खेळाला पत्ता दिला. सुरुवातीला ओक ग्रोव्हमध्ये नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावर भांडणं! (विटी झेलली की टप्पा पडला, हे भांडण आठवतंय ना?) त्यातून साखळ्यांची टोपली आली. चकती लागली की आवाज होतो, आणि ती टोपलीत पडली की वाद मिटतो. १९७६ मध्ये खेळाडूंची संघटना निघाली. आज जगभरात पंधरा हजारांहून जास्त कोर्स आहेत आणि त्यातले बहुतेक मोफत.

आता खरी गंमत जागेची. ओक ग्रोव्ह आहे अरोयो सेकोच्या पात्राशी. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ कोरडा ओढा. (कोरडा आणि कोराडी, निव्वळ योगायोग!) खाली १९२० साली बांधलेलं धरण, म्हणजे पूर आला तर पाणी पसरणार. घरं बांधायला निरुपयोगी. याच ओढ्यात १९३६ साली कॅलटेकच्या काही पोरांनी रॉकेटचे प्रयोग केले, कारण स्फोट झाला तरी शेजारी कुणी नव्हतं. त्यातूनच पुढे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली, ती आजही पार्काला लागून आहे. रॉकेट काय नि चकती काय, दोन्हींना लागली ती कुणालाच नको असलेली जमीन.

मोहल्ल्यातल्या अशा कोर्सची सगळी ताकद इथेच आहे. साध्या गोल्फला १८ होलसाठी शंभराहून जास्त एकर, हिरवळ आणि पाणी लागतं. डिस्क गोल्फला होलमागे साधारण एक एकर पुरतो. झाडं तोडायची नाहीत, उतार सपाट करायचा नाही. अडथळा हाच खेळ. कुंपण नाही, तिकीट नाही. आजोबा, पोरगी, कंटाळलेला कोडर, सगळे एका रांगेत.

आणि दुबळेपणाही नेमका इथेच. कुंपण नाही म्हणजे वाटेत फिरायला आलेली माणसं आहेत. १९८३ मध्ये डेव्ह डनिपेसने धारदार कडेची चकती आणली. ती कितीतरी लांब आणि वेगाने जाते. फ्रिस्बीसाठी आखलेले जुने होल एकदम तोकडे पडले आणि तीच चकती डोक्यात बसली तर टाके. (विटीनेही डोळे गेलेत, विसरू नका.) रोज मार खाऊन झाडांची साल सोलते. फेकीच्या जागेवरचं गवत मरतं, माती घट्ट होते आणि पावसात वाहून जाते. हे सगळं सांभाळायला पगारी माळी नसतो. खेळणारेच फावडं घेऊन आले तर कोर्स टिकतो. नाही आले तर पाच-सहा पावसाळ्यांत साफ.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. गेल्या दिवाळीत कोराडीला गेलो होतो. देवीचं दर्शन घेतलं, तलावाकडे चक्कर मारली. जुने छोटे संच बहुतेक थंडावले, आता ६६० मेगावॉटचे तीन धडधडतायत. क्वार्टरमागच्या तुकड्याकडे मुद्दाम गेलो. कंबरेएवढं गाजरगवत. गल कुठे होती तेही ओळखता येईना. तिथे ना कुणी इमारत बांधली, ना कुणी कुंपण घातलं. म्हणजे रागवायचं तरी कुणावर? आमची बॅच पुण्या-बंगलोरला गेली आणि पायवाटा बुजल्या, एवढंच. बाबा म्हणाले, "अरे, खेळायला कोणी आलंच नाही तर गवत काय विचारून उगवते?"

हेड्रिक २००२ साली वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या बनवल्या. म्हणजे गडी मेल्यावरही खेळतोय :)

आपल्याकडून एवढं होणार नाही. पण या मे महिन्यात कोराडीला जातोय तेव्हा भाच्याला घेऊन पहाटे, ऊन चढायच्या आत, विळा आणि दोन चकत्या घेऊन जाणार आहे. टोपली म्हणून जुनी बादली चालेल. बाभळीत अडकलेली चकती काढायला कोण जाणार, तेवढं ठरायचंय.