उपग्रहकक्षांचे सदृशीकरण

उपग्रहकक्षांचे सदृशीकरण (सिम्युलेशन) म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नियमानुसार ग्रह, उपग्रह व अवकाशयाने यांची गती संगणकाच्या पडद्यावर दाखवणारी आज्ञावली होय. वापरकर्त्याला वस्तुमान, वेग व अंतर बदलता येते आणि त्या बदलाचा कक्षेवर होणारा परिणाम लगेच पाहता येतो. खगोलीय वस्तूंवर प्रत्यक्ष प्रयोग करणे शक्य नसल्यामुळे विज्ञानशिक्षणात या साधनांना विशेष महत्त्व आहे. त्यांपैकी अनेक साधने आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

तात्त्विक आधार

या कल्पनेचे मूळ आयझॅक न्यूटन यांच्या एका विचारप्रयोगात आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळतो. उंच पर्वतावरून तोफगोळा आडव्या दिशेने डागला, तर तो काही अंतरावर जमिनीवर पडतो. वेग वाढवत नेल्यास तो अधिकाधिक दूर पडतो. पुरेशा वेगाने डागलेला गोळा मात्र पडत राहूनही जमिनीला टेकत नाही, कारण गोलाकार पृथ्वीचा पृष्ठभागही त्याच्याखाली तितकाच वळत जातो. या किमान वेगास क्रांतिक वेग म्हणतात. वेग मुक्तिवेगाइतका, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ सेकंदाला सुमारे ११.२ किमी असल्यास वस्तू परत येत नाही.

प्रमुख साधने

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकीचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पात गुरुत्वाकर्षण व कक्षा या विषयावरील सदृशीकरण आहे. त्यात तारा, ग्रह, चंद्र व कृत्रिम उपग्रह यांच्या जोड्या निवडता येतात, बल व वेग बाणांनी दाखवता येतात आणि गुरुत्वाकर्षण पूर्णपणे बंदही करता येते. या प्रकल्पातील अनेक सदृशीकरणांचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे. मार्टिन श्वायगर यांचे 'ऑर्बिटर' (२०००) हे अवकाशयान चालवण्याचा अनुभव देते. नासाचे 'आईज' हे साधन प्रत्यक्ष मोहिमांतील यानांची स्थाने दाखवते.

स्पष्ट होणाऱ्या संकल्पना

'अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून उपग्रह तरंगतात' हा गैरसमज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ४०० किमी उंचीवरही गुरुत्व त्वरण पृष्ठभागावरील मूल्याच्या सुमारे ८९ टक्के असते. सदृशीकरणात गुरुत्वाकर्षण बंद करताच उपग्रह कक्षा सोडून स्पर्शरेषेच्या दिशेने सरळ निघून जातो. उपग्रहाला कक्षेत ठेवणारे बल गुरुत्वाकर्षणच आहे, हे त्यावरून दिसते.

दुसरी संकल्पना वेग व उंची यांच्या संबंधाची. वर्तुळाकार कक्षेतील वेग ४०० किमी उंचीवर सेकंदाला सुमारे ७.६७ किमी, तर ७०० किमी उंचीवर सुमारे ७.५० किमी असतो. खालच्या कक्षेत जाण्यासाठी यानाला गती रोखावी लागते, तरीही तेथे पोहोचल्यावर त्याचा वेग पूर्वीपेक्षा अधिक भरतो.

पृथ्वीपृष्ठापासून सुमारे ३५,७८६ किमी उंचीवर परिभ्रमणकाल पृथ्वीच्या परिवलनकालाइतका होतो. विषुववृत्ताच्या प्रतलातील असा उपग्रह एकाच जागी स्थिर भासतो. नवी मुंबईतील इमारतींच्या गच्चीवर दक्षिण-आग्नेयेकडे रोखलेल्या दूरचित्रवाणीच्या तबकड्या एकदा बसवल्यावर पुन्हा फिरवाव्या लागत नाहीत, त्याचे कारण हेच.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकात (२०१८) 'गुरुत्वाकर्षण' व 'अवकाश मोहिमा' ही प्रकरणे आहेत. केप्लरचे नियम, क्रांतिक वेग व मुक्तिवेग यांची सूत्रे पडताळून पाहण्यास सदृशीकरण उपयुक्त ठरते.

कक्षेची अशी गणना राज्यातील विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या उपग्रहांशीही निगडित आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सीओईपी) विद्यार्थ्यांचा सुमारे १ किलो वजनाचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी, तर भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील विद्यार्थ्यांचा 'प्रथम' २६ सप्टेंबर २०१६ रोजी प्रक्षेपित झाला. 'प्रथम'च्या उड्डाणात स्कॅटसॅट-१ हा मुख्य उपग्रह एका कक्षेत सोडल्यावर प्रक्षेपकाचा चौथा टप्पा पुन्हा प्रज्वलित करण्यात आला आणि उरलेले उपग्रह वेगळ्या कक्षेत सोडण्यात आले. सुमारे ५०० किमी उंचीवरील उपग्रह साधारण ९५ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो आणि एका ठिकाणाहून एका फेरीत फार तर १० ते १२ मिनिटे संपर्कात राहतो. ही वेळ आधी काढून ठेवल्याशिवाय त्याच्याशी संदेशवहन होऊ शकत नाही.

मर्यादा

सदृशीकरण हे निसर्गाचे प्रतिरूप आहे, प्रत्यक्ष निसर्ग नव्हे. पृथ्वी १ सेंमी व्यासाची काढल्यास चंद्र ३० सेंमी, तर सूर्य सुमारे ११७ मीटर अंतरावर दाखवावा लागेल. त्यामुळे पडद्यावरील आकार व अंतरे बहुधा प्रमाणात नसतात. अनेक साध्या सदृशीकरणांत वातावरणाचा अवरोध धरलेला नसतो. प्रत्यक्षात त्यामुळेच निम्न कक्षेतील उपग्रह हळूहळू खाली येतात.

संगणक अखंड गतीचे लहान लहान कालखंड पाडून गणना करतो. ऑयलर यांच्या साध्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावरील चूक साचत जाते आणि स्थिर असायला हवी ती कक्षा बाहेरच्या बाजूस सर्पिल होत जाते. व्हर्ले पद्धतीत ऊर्जेतील चूक मर्यादित राहते. म्हणून पडद्यावर ग्रह भरकटताना दिसल्यास कालखंड लहान करून तोच प्रयोग पुन्हा करावा. भरकटणे कमी झाले, तर तो दोष गणनेचा असतो, गुरुत्वाकर्षणाचा नव्हे.

हे सुद्धा पहा

गुरुत्वाकर्षण
केप्लरचे ग्रहगतीचे नियम
भूस्थिर उपग्रह
मुक्तिवेग